वाचक विचारतात : हिवाळ्यातील भाजी, पेरणीपासून वाट्यापर्यंत

दिवाळीपासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे हिवाळी भाजीपाल्याविषयी आहेत. त्यांतील बरीचशी पत्रे इंदूर व आसपासच्या अशा वाचकांची आहेत, ज्यांच्याकडे पाच गुंठ्यांपासून अर्ध्या एकरापर्यंत जमीन आहे आणि जे भाजी विकण्यासाठी नव्हे, तर घरच्यांसाठी व आप्तेष्टांसाठी पिकवतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र अधिक सविस्तर घेतले आहे, कारण इतरांच्या निम्म्या अडचणींचे मूळ त्यातच सापडते.

प्रश्न : खंडवा रस्त्यालगत आमची दहा गुंठे जमीन आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही एकाच दिवशी फुलकोबीची ८० रोपे लावली आणि त्याच आठवड्यात मेथी, पालक व मुळा पेरला. पालेभाज्या आणि मुळा नोव्हेंबरअखेर एकदम आले, तर फुलकोबी डिसेंबरच्या मध्यात दहा दिवसांत तयार झाली. नणंद, दोन दीर आणि शेजारीपाजारी यांना वाटूनही भाजी उरली आणि मुळे शेवटी गाईंना घातले. जानेवारीत मात्र आम्हालाच चोइथराम मंडईतून भाजी आणावी लागली. यंदा नियोजन कसे करावे?
— एक वाचक भगिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, अडचणीचे कारण आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे, ते म्हणजे ‘एकाच दिवशी’. विकणाऱ्या शेतकऱ्याला सर्व माल एकदम निघणे सोयीचे असते, कारण गाडी एकदाच भरते. बाजारातील संकरित बियाणेही पीक एकसारखे आणि एका वेळी तयार व्हावे याच हेतूने तयार केलेले असते. आपल्याला मात्र नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दर आठवड्याला थोडे थोडे हवे आहे. म्हणून किती पेरायचे यापेक्षा किती दिवसांच्या अंतराने पेरायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मेथीपासून सुरुवात करू. ती पेरल्यापासून तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येते आणि थंडी वाढली की चाळीस दिवसही घेते. उपटून काढली की वाफा रिकामा होतो. त्यामुळे बारा फूट लांब व चार फूट रुंद असा एक वाफा दर दहा-बारा दिवसांनी पेरावा. एवढ्या जागेला साधारण पंधरा ग्रॅम बी पुरते. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून पेरणीजोगी ओल राहिली, की पहिला वाफा पेरावा आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत हा क्रम मोडू नये. मुळ्याचेही असेच करावे, फक्त अंतर पंधरा दिवसांचे ठेवावे, कारण तयार मुळा जमिनीत राहू दिला की तो आतून पोकळ आणि जून होतो. पालकाचा स्वभाव वेगळा आहे. तो मुळासकट न उपटता जमिनीपासून दोन-तीन बोटे वर कापला तर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो, म्हणून महिनाभराच्या अंतराने दोन वाफे पेरले तरी हंगाम निघतो. कोथिंबिरीसाठी धने हाताने रगडून दोन दले वेगळी करून पेरावेत. तिला उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, आणि त्या काळात अधीर होऊन त्याच वाफ्यावर पुन्हा बी टाकण्याची चूक अनेक जण करतात, तशी आपण करू नये.

फुलकोबीची ८० रोपे एकदम न लावता वीस-वीसच्या चार तुकड्या पंधरवड्याच्या अंतराने लावाव्यात, असे मी सुचवीन. पण येथे एक मोठी सावधगिरी आहे. फुलकोबीच्या जाती थंडीच्या प्रमाणाशी बांधलेल्या असतात. लवकरच्या गटाची जात उशिरा, थंडी सुरू झाल्यावर लावली, तर झाड वाढण्याआधीच त्याला गड्डा धरतो आणि तो सुपारीपेक्षा थोडाच मोठा राहतो. याउलट उशिराच्या ‘स्नोबॉल’ गटाला गड्डा धरण्यासाठी चांगली थंडी लागते आणि लवकर लावल्यास तो नुसता पानांनी वाढत राहतो. म्हणून चारही तुकड्यांसाठी एकच पुडी वापरू नये. सप्टेंबरच्या लागणीला लवकरचा, ऑक्टोबरला मधला आणि नोव्हेंबरला उशिराचा गट, असे दुकानात विचारूनच बी घ्यावे. रोपेही चार आठवड्यांची असतानाच लावावीत. सहा आठवडे रोपवाटिकेत खोळंबलेले रोप लावले तरी गड्डा लहानच राहतो.

पानकोबीच्या बाबतीत इतकी घाई नसते. थंडीत तयार गड्डा झाडावर दोन-तीन आठवडे टिकतो, फक्त कोरड्या जमिनीला अचानक भरपूर पाणी दिल्यास तो तडकतो. काही गड्डे मागे ठेवायचे असतील, तर झाड दोन्ही हातांनी धरून थोडेसे पिळावे, म्हणजे काही मुळे तुटतात आणि वाढ मंदावते. गाजरही जमिनीतच काही आठवडे सांभाळले जाते. आपल्या माळव्याचा गराडू हा कंद तर वाटण्यासाठी अतिशय सोयीचा आहे. तो उन्हाळ्याच्या शेवटी लावावा लागतो, पण हिवाळ्यात खणून काढल्यावर सावलीत कित्येक दिवस राहतो आणि ज्याच्या घरी पाठवावा तेथे आनंदाने तळला जातो.

आणखी एक पद्धत मी अनेक वर्षे पाळत आलो आहे आणि ती आपणही वापरून पाहावी. पेरणीची तारीख ठरवताना मी आधी सणाची तारीख पाहतो आणि तेथून मागे मोजतो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि चातुर्मासात वांगे व कांदा वर्ज्य करणारी घरे त्या दिवसापासून ते खायला लागतात. म्हणून त्या आठवड्यात शेतावर वांगी आणि कांद्याची पात असलीच पाहिजे. वांग्याची लागण त्यासाठी पावसाळ्यातच झालेली असते; पातीसाठी लहान कांदे ऑक्टोबरच्या मध्यात टोकले की पुरते. भोगीची भाजी साधारणतः १३ जानेवारीला होते. तिच्यासाठी गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरावे लागते, कारण त्याला ९० ते १०० दिवस लागतात. सोलाण्यांसाठी हरभरा त्याच सुमारास, लवकर येणारा मटार नोव्हेंबरच्या आरंभी आणि मेथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पावटा आणि घेवडा पावसाळ्यातच कुंपणाला चढवलेले असावेत. या दोन तारखा एकदा पक्क्या झाल्या की मधले आठवडे भरणे अवघड जात नाही, आणि भोगीच्या आदल्या दिवशी ज्या घरी आपली पिशवी पोहोचते, त्या घरी तिची किंमत मंडईच्या भावाने मोजली जात नाही.

प्रश्न : आमचे शेत सांवेर भागात नाल्याजवळ सखल जागी आहे. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत एक-दोन रात्री अशा येतात की सकाळी टोमॅटो, वांगी आणि बटाट्याची पाने काळी पडलेली दिसतात, तर शेजारच्या उंच शेतातील पीक शाबूत असते. पाल्यापासून बचाव कसा करावा?
— एक वाचक, सांवेर

उत्तर : महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा आधी करतो : आपल्या माळव्यात ‘पाला पडणे’ म्हणजे झाडपाला गळणे नव्हे, तर दव गोठून पिकावर पांढरा थर बसणे. ज्या रात्री आकाश निरभ्र असते आणि वारा पूर्णपणे पडलेला असतो, त्या रात्री जमिनीतील उष्णता वेगाने वर निघून जाते. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत सखल जागी साचते, आणि म्हणून आपले शेत जळते व शेजाऱ्याचे वाचते. पानांतील पाणी गोठून पेशी फाटतात, आणि ऊन पडल्यावर ती पाने काळी दिसू लागतात.

दिवसभर उत्तरेचे गार वारे वाहिले आणि सायंकाळी ते एकाएकी थांबून आकाश स्वच्छ झाले, तर त्या रात्री सावध राहावे. सायंकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. त्यामुळे पिकाजवळचे तापमान एखाद्या अंशाने वर राहिले, तरी तेवढ्याने पीक वाचू शकते. रोपवाटिका आणि टोमॅटोच्या ओळी गवताच्या किंवा पेंढ्याच्या तट्ट्यांनी झाकाव्यात आणि सकाळी ऊन वर आले की तट्टे काढावेत. प्लॅस्टिकचा कागद वापरायचा असल्यास तो काठ्यांवर ताणावा, कारण जेथे तो पानाला चिकटतो तेथेच पान जळते. शेताच्या कडेला काडीकचरा जाळून धूर करण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मोठ्या शेतावर तो प्रकार जुना आहे, परंतु दहा-वीस गुंठ्यांसाठी झाकणे शक्य असताना धूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत तो धूर खालीच कोंडतो आणि आसपासच्या वस्तीतील वृद्धांना व मुलांना त्याचा त्रास होतो.

कायमचा उपाय पिकांची जागा बदलण्यात आहे. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा यांना शेताच्या उंच भागात न्यावे आणि सखल भागात पानकोबी, पालक, लसूण, गाजर अशी थंडी सोसणारी पिके घ्यावीत. त्यांतील गाजर आणि पालक तर कडक थंडीत अधिक गोड होतात, कारण गोठण्यापासून बचाव करण्यासाठी वनस्पती आपल्या पेशींतील साखर वाढवते. उत्तर-पश्चिमेच्या बांधावर पावसाळ्यात तुरीच्या दोन दाट ओळी लावल्या, तर जानेवारीपर्यंत त्या गार वाऱ्याला अडवतात. पाल्याने जळलेले झाड मात्र लगेच उपटू नये. आठ-दहा दिवस थांबून कोठून नवी फूट येते ते पाहावे आणि मगच जळालेला भाग छाटावा.

प्रश्न : आमची गाजरे दरवर्षी दोन-तीन पायांची, वाकडी निघतात. बियाण्यात दोष असावा काय?
— एक वाचक, महू

उत्तर : दोष बहुधा बियाण्यात नसून जमिनीत आणि खतात असतो. काळी चिकण जमीन सुकली की घट्ट होते आणि खाली जाणारे मूळ अडखळले की त्याला फाटे फुटतात. ताजे शेण घातल्यानेही हेच होते. फूटभर उंचीचे गादीवाफे करावेत, त्यांत पूर्ण कुजलेले, चाळलेले खत आणि थोडी वाळू मिसळावी व बी तेथेच पेरावे. गाजराचे रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही. उगवल्यावर दोन रोपांत तीन-चार बोटांचे अंतर राहील अशी विरळणी करावी. ती करताना हात थरथरतो हे खरे, परंतु दाट गाजर कधीच पोसत नाही.

प्रश्न : पानकोबीला बारीक हिरव्या अळ्या पडतात आणि पाने चाळणीसारखी होतात. आमची भाजी लहान मुले असलेल्या घरांत जाते, म्हणून विषारी औषध मारण्याची इच्छा नाही. दुसरा मार्ग आहे काय?
— एक वाचक भगिनी, राऊ

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, आणि मार्गही आहे. ही अळी पाठीवर चौकोनी ठिपके असलेल्या एका लहान पतंगाची असून तिला पानकोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते. भारतीय बागवानी संशोधन संस्थेने याच आवडीचा उपयोग करून घेण्याची पद्धत सुचवली आहे. पानकोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या, त्यांतील एक कोबीच्या लागणीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी पेरायची, म्हणजे कोबीच्या संपूर्ण वाढीच्या काळात कोवळी मोहरी हजर राहते. आपल्या लहान वाफ्यांत चारही बाजूंनी मोहरीची एक कडा केली तरी हेतू साधतो. अळ्या आणि मावा मोहरीवर गोळा झाला की फवारणी तेवढ्या मोहरीवरच करता येते.

फवारणीसाठी निंबोळीचा ५ टक्के अर्क घरी तयार होतो. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम या हिशेबाने वाळलेल्या निंबोळीच्या गराची भरड पूड रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळून तो संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असा फवारावा. कडक उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो आणि मावठा झाला तर तो धुऊन जातो, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. कोबी वाटण्यापूर्वी बाहेरची दोन पाने काढून टाकावीत. टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी अशाच प्रकारे झेंडूच्या ओळी लावतात. ती फुले देवघरासाठी वाटता येतात, हा वेगळा लाभ.

प्रश्न : लोकमान्य नगरातील आम्ही आठ परिचित कुटुंबांनी असे ठरवले आहे की आमच्या एका स्नेह्यांच्या शेतातील हिवाळी भाजी दर आठवड्याला वाटून घ्यावी. आजवर ते ती भेट म्हणून देत आले. आता आम्हाला खर्चात सहभागी व्हायचे आहे. परंतु पैसे आले की कुरबुरी येतील, अशी भीती वाटते. वाटणी कशी करावी?
— एक ज्येष्ठ वाचक, इंदूर

उत्तर : आपली भीती निराधार नाही, आणि ती भेट व हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे निर्माण होते. संक्रांतीच्या सुगडीतून दिलेले गाजर, बोरे आणि हरभरा हे वाण आहे आणि त्याचे वजन कोणी करीत नाही. दर आठवड्याची पिशवी मात्र आठ घरांनी ठरवून घेतलेला वाटा आहे, म्हणून तिच्या अटी ऑक्टोबरमध्येच बोलून घ्याव्यात. समजा, बियाणे, खत, विजेचे बिल आणि निंदणीची मजुरी धरून सोळा आठवड्यांचा खर्च १९,२०० रुपये येतो; तर प्रत्येक घराचे २,४०० रुपये होतात, म्हणजे आठवड्याला १५० रुपये. त्यातील अर्धी रक्कम पेरणीपूर्वी द्यावी, कारण शेतकऱ्याला पैसा तेव्हाच लागतो. आणि ही रक्कम भाजीच्या वजनाची नसून शेताच्या खर्चातील वाट्याची आहे, हे सर्वांनी मान्य करावे. पाला पडून टोमॅटो गेले, तर त्या आठवड्यात टोमॅटो सर्वांचेच गेले.

वाटे वजनकाट्यावर करू नयेत. नऊ ढिगारे घालावेत, आणि ज्याने ढीग घातले त्याने सर्वांत शेवटी उचलावे. या जुन्या रीतीइतकी निर्दोष रीत मला दुसरी दिसली नाही. आठ घरांसाठी नऊ ढीग का, असे आपण विचाराल. नववा ढीग शेतावर राबणाऱ्या कुटुंबाचा असावा, तो मजुरीव्यतिरिक्त असावा आणि तो पहिल्यांदा उचलला जावा. निंदणी करणाऱ्या बाईने हिवाळाभर गाजरे खणून द्यावीत आणि तिच्या घरी मात्र गाजर विकत यावे, ही गोष्ट मला कधीही पटलेली नाही, आणि या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करण्यास तयार नसतो.

काढणी वाटपाच्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी करावी. पालेभाज्या धुऊ नयेत, माती झटकून ओलसर फडक्यात गुंडाळाव्यात. गाजर आणि मुळ्याचा पाला शेतातच कापून वेगळा द्यावा, कारण तो जोडलेला राहिला तर कंदातील पाणी शोषून घेतो आणि कंद मऊ पडतो. पिकलेले टोमॅटो पालकाच्या पिशवीत टाकू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूमुळे पालक लवकर पिवळा पडतो.

आपण विचारलेली नाही, पण मला आवश्यक वाटते अशी एक गोष्ट याच पत्राच्या उत्तरात जोडतो. आठही घरांनी दर आठवड्याला रिकामी पिशवी परत करताना साली, देठ आणि निवडलेला पाला शेतावर पाठवावा. इंदुरात घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय आहेच. शहराचा ओला कचरा देवगुराडिया येथील प्रकल्पात जातो, जो २०२२ साली रोज ५५० टनांच्या क्षमतेने सुरू झाला. तेथून आठ घरांच्या बादल्या कमी झाल्याने काही बिघडणार नाही, आणि शेताला मात्र त्यांचा मोठा आधार होईल. कचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते, ती येथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने आखली आणि १९३५ साली गांधीजी ती पाहण्यासाठी तेथे येऊन गेले होते, हे आपल्याच शहरातील अनेकांना ठाऊक नसते.

पद्धत कठीण नाही. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात किंवा पावसाळ्यात जमिनीवर, हिरवा व सुका काडीकचरा मिसळून त्याचा थर द्यावा, त्यावर शेणाचा काला, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख पसरावी, पाणी शिंपडावे आणि पुन्हा थर द्यावा. कचरा ओलसर राहावा, पण चिखल होऊ नये. पहिली पलटी साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याने आणि तिसरी दोन महिन्यांनी द्यावी. हवा मिळावी म्हणून ही पलटी असते आणि ती चुकवली तर ढीग कुजण्याऐवजी सडतो व दुर्गंधी येते. तीन महिन्यांत मऊ, काळे, मातीचा वास असलेले खत हाती येते. नोव्हेंबरच्या पहिल्या पिशव्यांतून परत आलेल्या साली फेब्रुवारीत भेंडी आणि गवारीच्या वाफ्यांना पुरतील, आणि फेब्रुवारीअखेरच्या साली जूनमध्ये वांग्याची रोपे टाकण्याच्या वेळी तयार असतील.